मी घातलेलं खत

आईस्क्रीमच्या रिकाम्या कपात कुत्रीची शी भरली, वर प्लॅस्टिक बांधलं, रबर लावला, आणि तो कप स्कूटरच्या डिकीत ठेवून मी जनावरांच्या डॉक्टरकडे निघाले. गंगापूर रोडला सकाळची ही गर्दी. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने नाक मुरडलं, तर त्याच्याकडे मी असं बघितलं की त्याने रिक्षाच पुढे घेतली. माझं डोकं भणभणत होतं. पोरगी का आजारी पडली आणि कोणामुळे पडली, हे माझ्या लेखी ठरून गेलं होतं. डॉक्टरने फक्त कागदावर लिहून द्यायचं बाकी होतं. तो कागद नेऊन मी त्या माणसाच्या तोंडावर मारणार होते.

पोरगी म्हणजे आमची कुत्री. साडेतीन महिन्यांची, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव ठेवायचं राहूनच गेलं, आम्ही दोघं तिला पोरगीच म्हणायचो. आमच्या ह्यांनी तिला पावसाळ्यात भाजीच्या पिशवीतून घरी आणलं. बाजारात बटाट्याच्या पोत्यांमागे सापडली म्हणे. मी रीतसर कडाकडा भांडले. साठीला आलेल्या माणसांनी पिल्लू पाळायचं म्हणजे काय खायचं काम आहे का? तिचं शी-शू कोण काढणार, मीच ना? हे नेहमीसारखे गप्प बसले, पेपर वाचत. तिसऱ्या दिवशी पोरगी माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली आणि भांडण तिथंच संपलं. पुढे तिची दूध-पोळी, तिची गोधडी, तिला पावडर लावून पुसणं, सगळं माझ्याकडे आलं. घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. त्या दोन महिन्यांत ह्यांच्याशी बोलले नसेन इतकं मी त्या कुत्रीशी बोलले.

आता मैदानाचं सांगते, कारण सगळं तिथूनच आलं. आमच्या कॉलनीच्या मागे एक मोकळा तुकडा आहे. कुत्री पाळणाऱ्या दहा-बारा घरांनी मिळून त्याला जाळी मारली, फाटक बसवलं आणि जागा सगळ्यांच्या कुत्र्यांसाठी खुली केली. लांबलांबून माणसं यायला लागली. गाडीतून उतरायची, कुत्रं आत सोडायची, मोबाइल बघत उभी राहायची. ती त्याला डॉग पार्क म्हणतात. मी मैदानच म्हणते. जमीन सगळी मुरमाड. गवत लावलं की महिन्यात करपायचं, आणि कुत्री धुळीत लोळून पिवळी व्हायची.

मी मूळची सिन्नरकडची. माहेरी गोठ्यात चार गाई, दोन बैल. शेण, मूत, उष्टा कडबा, त्यातलं काही वाया गेलेलं मी पाहिलं नाही. शेणाची पाटी उकिरड्यावर नेऊन टाकायची हे माझं शाळेत जायच्या आधीचं काम. आणि इथे बघते तर शिकलेसवरलेले लोक कुत्र्याची शी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घंटागाडीत टाकतात. मला ते बघवेना. तेव्हा माझ्याकडे कुत्रं नव्हतं, तरी मागच्या वर्षी एका रविवारी मी मैदानावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, कोपऱ्यात खड्डा करा. शी त्यात टाका, वर पालापाचोळा पसरा, पाणी मारा. सहा महिन्यांत खत तयार.

लोकांना पटलं. का नाही पटणार? आमच्या कॉलनीतली निम्मी घरं निफाड, येवला, नांदगाव अशी कुठून कुठून शेती मागे ठेवून आलेली. खत म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो. एकाने भावाच्या द्राक्षबागेतल्या ठिबकच्या जुन्या नळ्या आणून दिल्या. खड्डा झाला. फाटकाजवळ मी फावडं आणि दोन घमेली ठेवली, आणि खड्ड्यात न टाकता जो निघेल त्याला मी सोडत नसे. कुठे चाललात, मागे काय पडलंय ते बघा जरा, असं म्हणत गाडीपर्यंत पाठलाग करायची. पहिलं खत निघालं तेव्हा नारळ फोडला. खाली काळंभोर झालेलं, वरचं अजून अर्धंकच्चं, मी दोन्ही एकत्र कालवलं आणि घमेल्याने स्वतः पसरलं, हाताने. उन्हाळाभर ठिबक चालू ठेवलं. पावसाळ्यात ते मैदान असं हिरवंगार झालं की येणारे-जाणारे जाळीपाशी थांबून बघायचे. मला खतवाल्या काकू म्हणायला लागले. आवडायचं मला ते. खोटं कशाला बोलू?

एकच माणूस ऐकायचा नाही. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बायको गेलेली, आमच्याच गल्लीत तीन घरं सोडून राहतात. त्यांच्याकडे भला थोरला अल्सेशियन. हे गृहस्थ यायचे, जाळीच्या कडेने जी फरशीची पट्टी आहे तिच्यावरून कुत्र्याला साखळीने धरून चार फेऱ्या मारायचे आणि घरी. गवतावर त्या कुत्र्याचा पाय पडू द्यायचे नाहीत. कुत्र्याने शी केली की खिशातून पिशवी निघायची, शी आत, गाठ पक्की, आणि पिशवी हातात घेऊन चालायला लागायचे. मी दोन-तीनदा बोट करून खड्डा दाखवला. ते नुसते हसून मान हलवायचे. त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. साहेबांना कमीपणा वाटतो, त्यांच्या कुत्र्याची शी काय अत्तराची आहे का, असं मी त्यांना बरोब्बर ऐकू जाईल इतक्या आवाजात शेजारणीला सांगायची.

गणपती आठवड्यावर आले असताना पोरगीचं पोट बिघडलं. पहिल्या दिवशी पातळ झालं, मी दहीभात घातला. दुसऱ्या दिवशी काळं, डांबरासारखं चिकट, आणि त्याला असा वास की मी सगळ्या खिडक्या उघडल्या. पोरगी कोपऱ्यात पडून राहिली. दुधाची वाटी तोंडाशी नेली तर तिने मान फिरवली. मी तिचा ओठ वर करून बघितला. हिरड्या पांढऱ्या, चुना लावल्यासारख्या. अंबडच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली, शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. बिघडलेला माल मला नुसत्या रंगावरून कळायचा. हा रंग जिवंत जनावराचा नव्हता, एवढं मला डॉक्टरशिवाय समजलं.

डॉक्टर म्हणजे तिशीतली शांत बाई, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारी. त्याच दिवशी मी पोरगीला तिच्याकडे नेलं, तर तिने आधी पार्व्होची, त्या जीवघेण्या रोगाची, तपासणी केली, कारण पिल्लाला रक्ताची हगवण लागली की सगळ्यांना तीच धास्ती असते. पार्व्हो निघाला नाही. तिने सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, आणि उद्या सकाळची ताजी शी घेऊन या म्हणाली, कारण तिला जंतांचा संशय होता. मी ऐकलं आणि सोडून दिलं. जंताचं औषध एकदा दिलं होतं की! दर पंधरा दिवसांनी द्या असं त्या बाटलीवर लिहिलेलं होतं, पण एवढ्याशा जिवाच्या पोटात किती औषध ओतायचं, असं मीच म्हटलं होतं आणि बाटली कपाटात ठेवून दिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शी कपात भरायच्या आधी मी मैदानावर गेले. कोणाचं कुत्रं आजारी आहे ते मला शोधून काढायचं होतं. आणि फाटकातच समोर ते गृहस्थ, हातात पिशवी. त्या पिशवीकडे बघताना माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. हा माणूस शी खड्ड्यात का टाकत नाही? बरोबर घेऊन का जातो? पोट बिघडलेलं कुत्रं असणार, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून ही पिशवी! मी पंचनामा करायला थांबले नाही.

“आजारी कुत्रं आणून लोकांची पिल्लं मारता, आणि पुरावा पिशवीत भरून घरी नेता?” मी म्हटलं. “माझ्या पोरगीला काही झालं ना, तर तुम्हाला या फाटकातून आत येऊ देणार नाही.”

पुढेही मी खूप बोलले. वयाचा मान ठेवला नाही. गेलेल्या बायकोलाही मध्ये आणलं, ती असती तर तिने तरी लाज राखली असती असं काहीतरी. ते आज आठवलं की माझं मलाच नको होतं. मैदानात आठ-दहा माणसं होती, सगळी मोबाइलमध्ये डोकं घालून उभी. गृहस्थांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी साखळी मनगटाला गुंडाळली आणि ते निघून गेले. बाकी कोणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, सगळे माझ्याच बाजूने आहेत.

तिथून घरी येऊन मी तो कप भरला. ह्यांनी पोरगीला चादरीत गुंडाळून रिक्षाने नेलं, मी कप घेऊन स्कूटरवर पुढे गेले.

डॉक्टरने सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि मला विचारलं, बघायचंय का. मी डोळा लावला. भिजलेल्या साबुदाण्यासारखी लांबट अंडी, पातळ कवचाची, आत दोन-चार गोळ्या. एक नाही, दोन नाहीत, जिकडे नजर जाईल तिकडे तीच. तिने सांगितलं, हे हुकवर्म. आकड्यासारखं तोंड असलेले बारीक जंत. आतड्याला चिकटतात आणि रक्त पीत राहतात. मोठ्या कुत्र्यात ते वर्षभर असले तरी मालकाला पत्ता लागत नाही, कधीमधी पोट बिघडतं इतकंच. पण एवढ्या पिल्लाला ते आतून रिकामं करतात. मी विचारलं, पण हे आले कुठून? ती म्हणाली, मातीतून. ज्या कुत्र्याच्या पोटात जंत आहेत त्याच्या शीतून अंडी पडतात, ओलसर जमिनीत त्यांच्या अळ्या होतात, आणि पिल्लू तिथे खेळलं की पंजाच्या कातडीतून आत शिरतात. पंजा चाटला तरी जातात.

मी म्हटलं, बघा, हेच मी म्हणत होते. आणि अल्सेशियनवाल्या गृहस्थांची सगळी कहाणी तिला ऐकवली. तिने मध्येच विचारलं, मैदान साफ ठेवता का? मला तर तेच हवं होतं. मी अभिमानाने सांगितलं, एक कण पडू देत नाही मी. सगळी शी खड्ड्यात जाते, त्याचं खत होतं.

“आणि ते खत कुठे जातं?”

“कुठे म्हणजे? मैदानावरच. गवताला.”

तिने पेन टेबलावर ठेवलं. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू समजावून सांगायला लागली. गाय गवत खाते, तिच्या शेणाची गोष्ट निराळी. कुत्र्याच्या शीत कुत्र्याचेच जंत. गावाकडचा उकिरडा मोठा असतो, तो आतून पोळतो, त्याच्यातून वाफ निघते. तुमचा खड्डा हातभर खोल, सावलीतला, थंड. त्यात अंडी मरत नाहीत, आणि वरून रोज ताजी भर पडते. काही जंतांची अंडी तर मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात. त्यावर तुम्ही पाणी सोडलंत, गवत वाढवलंत, सावली केलीत. अळ्यांना याहून चांगलं काय लागतं? लहान मुलंही अनवाणी खेळतात का तिथे? त्यांच्या पायातही शिरतात.

“एकाच्या पोटातलं तुम्ही सगळ्यांना वाटलंत, काकू,” ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली, पण मला कोणीतरी फाडकन मुस्कटात मारल्यासारखं झालं.

मला आधी तिचाच राग आला. एवढीशी पोर, हिने कधी उकिरडा बघितलाय का? मग त्या खड्ड्याला मान डोलावणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांच्या पोरांचा राग आला. एकालाही कळू नये? मग नळ्या आणून देणाऱ्याचा. शेवटी राग करायला दुसरं कोणी उरलंच नाही. घमेलं माझ्या हातात होतं. पंधरा दिवसांनी द्यायची बाटली माझ्या कपाटात होती. आणि आत टेबलावर पोरगी पडली होती, पोट भात्यासारखं हलत होतं, आणि मी आत गेले तर तिने शेपटीचं टोक जेमतेम हलवलं. तिला माझी चूक कुठे ठाऊक होती! मी तिथेच भिंतीला टेकून रडले. आमचे हे पोरगीच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, त्यांनी वर बघितलं नाही.

डॉक्टर म्हणाली, जंताचं औषध दिलंय, पण ते लागू पडेपर्यंत ही टिकायला हवी. अंगात रक्तच राहिलेलं नाही. आजच्या आज रक्त द्यावं लागेल, आणि कुत्र्याचं रक्त इथे बाटलीत तयार मिळत नाही, देणारं कुत्रं समोर आणावं लागतं. मोठं, धडधाकट, ज्याच्या पोटात जंत नाहीत असं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, एवढंच ना? मैदानावर पंधरा कुत्री आहेत, अर्ध्या तासात हवं ते आणते. जंत नसलेलं, तिने पुन्हा सांगितलं. मग माझ्या लक्षात आलं. ती पंधराच्या पंधरा कुत्री माझ्याच गवतावर लोळत होती.

“एक कुत्रा आहे माझ्याकडे येणारा,” ती म्हणाली. “दर तीन महिन्यांनी शी तपासतात, रक्त तपासतात. मालकांनी फाइल ठेवलीय त्याची. फोन करून बघते.”

कोण, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुमच्याच भागातले आहेत, बँकेत होते. फोनवर ती माझंच नाव घेऊन सगळं सांगत होती. मी तिला थांबवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. तोंड लपवायला जागा शोधायची, की पोरगी वाचवायची? ते नाही म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. ते येतो म्हणाले.

ते अर्ध्या तासात आले. सकाळचाच शर्ट. मला बघून त्यांनी नमस्कार वहिनी म्हटलं, जसं सकाळी काही घडलंच नव्हतं. अल्सेशियनला टेबलावर आडवं केलं, मानेवरचे केस काढले. बाहेर रस्त्यावर कुठल्याशा मंडळाची ढोलाची तालीम चालली होती. तो एवढा मोठा कुत्रा त्या आवाजाने थरथरत होता, तर हे गृहस्थ त्याचे दोन्ही कान आपल्या तळव्यांखाली झाकून, त्याच्या कपाळाला कपाळ लावून, तोंडाने काहीतरी पुटपुटत उभे राहिले. रक्ताची पिशवी भरेपर्यंत ते हलले नाहीत. मग ते रक्त पोरगीला थेंबथेंब चढायला लागलं. ह्यांनी तिचा पाय धरून ठेवला होता. डॉक्टर म्हणाली, बाहेर बसा, वेळ लागेल.

बाहेरच्या बाकावर ते गृहस्थ, त्यांच्या पायाशी त्यांचा कुत्रा, आणि मी. मला माफी मागायची सवय नाही. कारखान्यात लाइनवर मी कोणाची मागितली नाही, घरात तर प्रश्नच नाही. पण मागितली. सकाळचं सगळं, बायकोबद्दल बोललेलंसुद्धा, एकेक करून परत घेतलं. मग खड्ड्याचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. ते जमिनीकडे बघत ऐकत होते.

“मला माहीत होतं ते,” ते म्हणाले.

माझा आवाज चढलाच. माहीत होतं तर बोलला का नाहीत? तुमचं कुत्रं तेवढं फरशीवरून फिरवलंत आणि माझं पिल्लू त्या गवतात लोळत होतं ते बघत राहिलात? ढोलाच्या वरताण आवाज गेला असेल माझा. कुत्र्याने मान वर केली. गृहस्थांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मी थांबेपर्यंत वाट बघितली.

“वहिनी, खड्डा केलात त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे आलो होतो,” ते म्हणाले. “मी नुसतं म्हटलं, एकदा डॉक्टरांना विचारून घेऊ. तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलंत, जन्मात कधी शेणाची पाटी उचललीय का. लोक हसले. त्यानंतर तुम्हाला सांगायला मी काही धजावलो नाही. पिल्लाला मैदानावर आणायला लागलात तेव्हा राहवेना, म्हणून तुमच्या मिस्टरांना गाठून सांगितलं. महिना झाला असेल. ते म्हणाले, बघतो, सांगतो तिला.”

पाटीचं मला आठवतसुद्धा नव्हतं. मी बोलले असणार. दिवसभरात असं किती बोलत असेन, कोण लक्षात ठेवतं? मी दाराच्या काचेतून आत बघितलं. हे पोरगीचा पाय धरून वाकून उभे होते, मघाशी होते तसेच. त्या क्षणी आत जाऊन मी काय केलं असतं सांगता येत नाही. पण त्यांच्या हातातल्या पायात सुई होती. मी बाकावर बसून राहिले.

पोरगीला त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस तिथेच ठेवलं. मी सकाळ-संध्याकाळ जायची. ह्यांच्याशी मी काही बोलले नाही. पोरगीचं काय व्हायचं ते आधी होऊ दे, मग बघते तुमच्याकडे, असं मनात घोकत होते.

दरम्यान मैदानाला मी स्वतः कुलूप घातलं. आणि रविवारी फाटकाबाहेर सगळ्यांना उभं करून सांगितलं की चूक माझी आहे. कुत्र्यांची शी तपासून घ्या, औषध द्या, पोरांना आत सोडू नका, वरची माती काढायची आहे आणि खड्डा उकरून सगळं घंटागाडीला द्यायचं आहे. मला वाटलं होतं, आता माझ्यावर सगळे तुटून पडतील. पडायलाच हवं होतं. पण कोणी दचकलंसुद्धा नाही. हो का, अरे बापरे, असं म्हणत माना हलवल्या. समोरच्या बंगल्यातली बाई सहज बोलून गेली की तिने तर मुलांना गवतावर बूट घातल्याशिवाय पाठवायचं कधीच बंद केलंय, कुठेतरी वाचलं होतं म्हणे. म्हणजे हिलाही माहीत होतं, आणि माना हलवणाऱ्या बाकीच्यांनाही. माझं पिल्लू तिच्या मुलांच्या पायात पायात करायचं त्या गवतावर. मला इतका संताप आला! माणसं आहात की कोण? एका मुक्या जिवापेक्षा तुम्हाला माझ्या तोंडाची भीती जास्त? हे मी तिला विचारलं, आणि विचारताना आवाज वाढू दिला नाही. तरी ती दोन पावलं मागे सरकली.

पाचव्या दिवशी पोरगी घरी आली. पाय लटपटत होते, पण हिरड्यांवर गुलाबी झाक आली होती, आणि दारातून आत येताच तिने ह्यांची चप्पल तोंडात धरली. मी मऊ भात आणि उकडलेलं अंडं कालवून दिलं. तिने वाटी चाटून लख्ख केली. अजून दोन डोस द्यायचे होते, कॅलेंडरवर मी लाल पेनाने खुणा केल्या. संध्याकाळी पोरगी ह्यांच्या पायाशी झोपली, खिडकीतून वारा येत होता, समोरच्या गॅलरीत शेजारीण कपडे काढत होती. मी चहाचे दोन कप ठेवले आणि समोर बसले.

मी अगदी साध्या आवाजात विचारलं, तुम्हाला महिनाभर माहीत होतं ना?

ह्यांनी कप उचलला नाही. मग म्हणाले, “तीनदा सांगायला आलो होतो. एकदा तर तुझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलो. नाही जमलं.”

मी म्हटलं, ती मेली असती.

“हो,” ते म्हणाले. “मला वाटलं, पोरगीला काही झालं तर औषध देऊ, बरी होईल. पण तुला सांगितलं असतं, तर तू...”

पुढचं त्यांनी पुरं केलं नाही. ते उठले. पोरगीला हळूच उचलून आतल्या खोलीत ठेवून आले. मग हॉलच्या दोन्ही खिडक्या ओढून लावल्या, कड्या घातल्या, आणि माझ्यासमोर येऊन खाली मान घालून बसले.

मी अजून आवाज चढवलाच नव्हता.